एकाच नावाच्या दोन गाड्या

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला एकच अट घातली, लेख वैद्यकीय नसावा. लसीकरण, अतिसार, स्तनपान आणि मुलांच्या हातातले मोबाइल या विषयांवर मी या पानांतून इतक्या वेळा लिहिले आहे की ही अट अन्यायाची म्हणता येणार नाही. तेव्हा यंदा मोटारींविषयी लिहिते. बालरोगतज्ज्ञ बाईंना मोटारींचे वेड असावे याचे आमच्या काही स्नेह्यांना अजूनही नवल वाटते. ते वेड आम्हां भावंडांना वडिलांकडून मिळाले, आणि माझ्या धाकट्या भावाने तर त्यालाच उपजीविकेचे साधन केले. तो अनेक वर्षे जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतो. गाड्यांच्या ब्रेकचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण हा त्याचा व्यवसाय. पुढे या लेखात तो येईल आणि माझ्याशी वादही घालील.

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा जो देखणा मेळावा भरला होता, तो वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. तेथे हिंडताना एक वाक्य मला वारंवार ऐकू आले, "जुन्या गाड्यांची मजा नव्या गाड्यांत नाही." वाक्य मलाही पटत होते, पण आपल्या व्यवसायाची खोड अशी की नुसत्या तक्रारीवर समाधान होत नाही. मजा म्हणजे नेमके काय, ती गाडीच्या कोणत्या अवयवात वसते, आणि गेली असेल तर कोणत्या कारणाने गेली, हे प्रश्न डोक्यात घेऊनच मी घरी आले. त्याच वर्षी सप्टेंबरात भावाकडे जाण्याचा योग आला आणि त्याने त्याच्या पद्धतीने उत्तराची सोय करून ठेवली. दोन दिवसांसाठी दोन गाड्या भाड्याने घेतल्या. दोन्हींचे नाव एकच, पोर्शे ९११. एक १९७३ सालची, दुसरी त्या वेळची नवी.

हीच गाडी का, याला कारण आहे. जुन्या आणि नव्या स्पोर्ट्स कारची तुलना बहुधा दोन वेगळ्या वंशांची तुलना ठरते. जग्वारची ई-टाइप १९६१ साली आली आणि सत्तरच्या दशकात बंद झाली. तिची वारस म्हणवणारी एफ-टाइप अवतरली ती २०१३ साली. मधल्या काळात घराणे खंडितच होते. ९११ चे तसे नाही. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम दिसली, तेव्हापासून आजतागायत तिचे उत्पादन थांबलेले नाही. तीच घरंगळत जाणारी पाठ, तेच गोल दिवे, सहा सिलिंडरचे तेच आडवे इंजिन, आणि ते त्याच विचित्र जागी, मागच्या चाकांच्याही मागे. एकाच मुलाची नोंद साठ वर्षे एकाच तक्त्यावर करीत जावी, तशी ही सोय आहे. संशोधनात याला अनुदैर्घ्य अभ्यास म्हणतात, आणि तो करायला मिळणे किती दुर्मिळ हे आपण जाणतोच.

तेव्हा प्रथम वाढीचा तक्ता मांडते. १९६० च्या दशकातली पहिली ९११ लांबीला ४,१६३ मिलिमीटर आणि रुंदीला १,६१० मिलिमीटर होती. २०१८ च्या अखेरीस आलेल्या ९९२ या अंतर्गत क्रमांकाच्या पिढीतली साधी कॅरेरा ४,५१९ लांब आणि १,८५२ रुंद आहे. वजन १,०८० किलोंवरून १,५०५ किलोंवर गेले. म्हणजे लांबी नऊ टक्क्यांच्या आत वाढली आणि वजन चाळीस टक्के. असे मूल बाह्यरुग्ण विभागात आले तर आई-वडिलांना मी समोर बसवून चार गोष्टी सुनावल्या असत्या. मात्र स्नायूही वाढले आहेत हे मान्य केले पाहिजे. दोन लिटरच्या त्या इंजिनाची ताकद १३० अश्वशक्ती होती. २०१८ च्या त्या पिढीतल्या तीन लिटर, दोन टर्बो लावलेल्या इंजिनाची ३८५. उभ्या जागेवरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला जुनीला सुमारे नऊ सेकंद लागत, नवीला ४.२ पुरतात. जुनीची चारही चाके सारखी, अंगठ्याएवढ्या कौतुकाची, १६५ मिलिमीटर रुंद टायरांची. नवीचे मागचे टायर २९५ मिलिमीटर रुंद आहेत.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण त्यावाचून पुढचे कळायचे नाही. नाव प्रथम ९०१ होते. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समध्ये प्यूजो कंपनीचा हक्क होता, तिने हरकत घेतली, म्हणून शून्याच्या जागी एक आला. इंजिन मागे ठेवण्याची परंपरा आजोबांची. फर्डिनांड पोर्शे यांनी फोक्सवॅगन बीटलची रचना तशी केली होती. ९११ ला रूप देणारे फर्डिनांड अलेक्झांडर हे त्यांचे नातू. छोट्या, हलक्या गाडीत ती रचना सोयीची होती. वेगवान गाडीत तिचे जन्मजात व्यंग झाले. वजनाचा मोठा भाग मागे लोंबकळत असल्यामुळे, भर वळणात चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की भार पुढे सरकतो, मागच्या टायरांची पकड सुटते, आणि हातोड्याचे डोके जसे दांड्याला ओढून नेते तशी गाडीची शेपटी गाडीला फिरवून टाकते. माणसाची सहजप्रवृत्ती धोका दिसताच पाय उचलण्याची. आणि या गाडीत तेच करायचे नाही.

दुसऱ्या एखाद्या कारखान्याने इंजिन पुढे आणून प्रश्न मिटवला असता. यांनी व्यंग ठेवून आयुष्यभर उपचार केले. आरंभीच्या काळात पुढच्या बंपरमध्ये अकरा-अकरा किलोंची वजने बसवली, म्हणजे नाक जमिनीला धरून राहावे. हा उपाय पाहून मला आमच्या वॉर्डात सलाइनच्या बाटल्या टांगून दिलेले ट्रॅक्शन आठवते. १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेली. १९७२ साली पॅरिसमध्ये दाखवलेल्या कॅरेरा आरएसला बदकाच्या शेपटीसारखी पट्टी आली, ती वेगात मागचा भाग दाबून धरी. १९८९ च्या पिढीला पॉवर स्टिअरिंग आणि चाके जखडू न देणारे ब्रेक मिळाले. पुढे घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक्स आली. हवेने थंड होणारे शेवटचे इंजिन १९९८ साली बाहेर पडले; धूर आणि आवाज यांवरच्या नियमांपुढे हवेचा टिकाव लागेना, म्हणून पाणी आले.

एकदा तर गाडी मरायचीच होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कंपनीने पुढे इंजिन असलेली ९२८ वारस म्हणून पुढे आणली होती. १९८१ साली पेटर शुट्झ प्रमुख म्हणून आले. मुख्य अभियंत्याच्या खोलीत भिंतीवर आगामी गाड्यांचा तक्ता होता. त्यात इतर गाड्यांच्या रेषा पुढे जात होत्या आणि ९११ ची त्याच वर्षी संपत होती. शुट्झ नंतर सांगत की त्यांनी पेन उचलले आणि ती रेषा तक्त्याच्या कडेबाहेर, थेट भिंतीवर ओढत नेली. वाढीचे तक्ते भरण्यात हयात घालवलेल्या बाईला ही गोष्ट आवडली नाही तरच नवल.

आता रस्त्यावर येऊ. श्टुटगार्टहून नैर्ऋत्येला दीड-दोन तासांवर फ्रॉयडेनश्टाट हे गाव आहे. तेथून बाडेन-बाडेनपर्यंत ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यावरून एक रस्ता जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर, दुतर्फा काळपट हिरव्या सूचिपर्णी वृक्षांची दाटी, मध्येच झाडी विरळ झाली की पश्चिमेला ऱ्हाइनचे खोरे उलगडते. वळणे पुष्कळ, पण सह्याद्रीतल्या घाटांसारखी कोपरात मुडपलेली नव्हेत, लांब, वाहती. पहिल्या दिवशी जुनी गाडी माझ्या हाती होती.

किल्ली स्टिअरिंगच्या डावीकडे लावायची. ॲक्सिलरेटर दोन-तीनदा दाबून कार्बोरेटरना पेट्रोल पाजायचे, मग सुरू करायची. पेडल वरून लोंबत नाहीत, जमिनीतून उगवतात. पेटीच्या हार्मोनियमला भाता असतो तसे. ब्रेकला कसलीही मदत नाही, पायात जेवढे बळ तेवढाच ब्रेक. समोर पाच गोल तबकड्या, मधली सर्वांत मोठी, आणि ती वेगाची नव्हे तर इंजिनाच्या फेऱ्यांची. गाडीत गरम तेलाचा मंद वास, कारण थंडीत आत येणारी ऊब धुराड्याभोवती तापलेल्या हवेची असते. पाठीमागे पंख्याचा आणि साखळ्यांचा एक कोरडा, धातूचा आवाज. गिअर घाईने टाकू गेले तर तो हात झटकून टाकी. थांबून, विनंती केल्यासारखा टाकला की बसे.

पण या सगळ्याला मजा म्हणत नाहीत. मजा स्टिअरिंगमध्ये होती. चाक बारीक कडेचे, पुढे वजन कमी म्हणून हलके, आणि क्षणभरही गप्प न बसणारे. रस्त्यावर डांबराचे ठिगळ आले की ते हाताला कळे. पांढरा रंगवलेला पट्टा ओलांडला की कळे. झाडांच्या सावलीत रस्ता ओलसर होता तेथे चाक किंचित सैल, निसरडे होई, डोळ्यांना ओल दिसण्याच्या आधी. एका मोकळ्या, रिकाम्या वळणावर भावाच्या सूचनेनुसार मी पाय अगदी किंचित सैल केला. वेग ताशी साठच्या आसपास असेल. मागचा भाग हलका होत असल्याची बातमी प्रथम कमरेला आली, मग हातांना, आणि मग कुठे नाक वळणाच्या आत झुकू लागले. पाय पुन्हा टेकताच गाडी सरळ झाली. या सगळ्याला सेकंदसुद्धा लागले नसेल. पण त्यात सूचना होती, दुसरी सूचना होती, आणि सुधारायला अवकाश होता.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर नवी गाडी नेली. पाऊस लागला होता. निघाल्यावर थोड्याच वेळात तिनेच पडद्यावर कळवले की रस्ता ओला आहे, ओल्या रस्त्याची पद्धत निवडावी. पुढच्या चाकांच्या कमानीत ध्वनी टिपणारे संवेदक बसवलेले आहेत. टायरांनी उडवलेल्या पाण्याचा आवाज ऐकून ते निदान करतात. छातीला स्टेथॉस्कोप लावून पाण्याचे आवाज ऐकणाऱ्या माझ्यासारखीला ही कल्पना फारच रुचली. बटण दाबले. कालच्याच वळणांवरून, कालच्यापेक्षा अधिक वेगाने, भर पावसात, ती गाडी अशी गेली की जणू काही घडतच नव्हते. आठ गिअर आपापसांत बदलत होते. स्टिअरिंग अचूक होते, सभ्य होते, आणि मूक होते. कालच्या त्याच वळणावर, तेवढ्याच वेगाला, मी कान देऊन, हात देऊन, कंबर देऊन वाट पाहिली. काहीही कळले नाही. गाडी निर्विवाद चांगली होती. ती किती चांगली आहे आणि तिचे चांगलेपण कोठे संपते, यांपैकी दुसऱ्या गोष्टीचा पत्ता मला दिवसभर लागला नाही.

येथे संपादकांची अट मला थोडी मोडावी लागणार आहे. लहान मुलांतला शॉक हा विषय आपल्यापैकी ज्यांनी शिकवला असेल त्यांना आठवेल, विद्यार्थ्यांना पटवायला सर्वांत कठीण गोष्ट ही असते की मुलाचा रक्तदाब शेवटपर्यंत चांगला राहतो. अतिसाराने शुष्क झालेले मूल हृदयाचे ठोके वाढवते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेते, आणि मॉनिटरवरचा आकडा सुंदर ठेवते. ही भरपाई इतकी उत्तम असते की ती संपते तेव्हा एकदम संपते. आकडा पडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. बोलत असतात ते गार पडलेले तळवे, दाबल्यावर रंग परतायला लागणारी तीन-चार सेकंदे, आणि आईकडेही लक्ष न देणारी नजर. म्हणजे हात लावल्यावाचून न कळणाऱ्या गोष्टी. पंचावन्नाव्या वर्षीचे थकलेले हृदय बिचारे लवकर कुरकुरते, पायऱ्या चढताना सांगते, झोपताना सांगते.

त्या ओल्या रस्त्यावर मला वाटले, की नवी ९११ म्हणजे भरपाई करणारे धष्टपुष्ट मूल आहे. शेकडो वेळा, चालकाला न कळवता, ती एखाद्या चाकाचा ब्रेक चिमटते, इंजिनाची ताकद आखडते, आणि आकडा सुंदर ठेवते. जुनी ९११ म्हणजे जुने हृदय. तिची मर्यादा खालीच आहे, पण तेथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून ती कुरकुरत असते.

म्यूमेलझे नावाच्या तळ्याकाठी कॉफी पिताना हे सर्व मी भावाला सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, तू ज्याला संवाद म्हणतेस तो ज्यांना ऐकू आला नाही, ते आज कौतुक सांगायला उरलेले नाहीत." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. १९७५ साली विक्रीला आलेल्या ९११ टर्बोला लोकांनी विधवा करणारी असेच टोपणनाव दिले होते. टर्बो जागा व्हायला वेळ घेई आणि भर वळणात जागा होई. त्यात पाय उचलला की संपले. गाडी बोलत होती, पण भाषा येणारेच थोडे होते. "चाके जखडू न देणारे ब्रेक १९७८ साली आले, घसरण सावरणारी यंत्रणा १९९५ साली," तो म्हणाला, "त्यानंतर किती लोक वळणातून घरी परतले, त्यांची यादी कोण करणार? न झालेल्या अपघाताला केस पेपर नसतो." लसीकरणाविषयी पालकांशी बोलताना मी हेच वाक्य वेगळ्या शब्दांत वापरते, हे त्याला ठाऊक असावे. मग त्याने विचारले, "तुझ्या एनआयसीयूतले मॉनिटर उद्यापासून बंद करशील?"

अर्थातच नाही. नव्वदच्या दशकात मी निवासी डॉक्टर होते तेव्हा आमच्या वॉर्डात पल्स ऑक्सिमीटर नव्हता. बाळ निळे पडते आहे का, हे ट्यूबलाइटच्या प्रकाशात ओठांकडे पाहून ठरवावे लागे, आणि डोळ्यांना निळेपणा दिसतो तोवर रक्तातला प्राणवायू बराच उतरलेला असतो. त्या दिवसांविषयी उमाळे काढणाऱ्यांतली मी नाही. पण मॉनिटर आला म्हणून आमच्या हाताला कोणी बधिर केले नव्हते. आज ऑक्सिजन लावलेल्या बाळाचे सॅच्युरेशन ९६ दिसत असते आणि ते बाळ श्वास घेऊन घेऊन थकत चाललेले असते. कण्हणे ऐकू येते, बरगड्यांमधला खळगा दिसतो, फक्त पाहिला पाहिजे. म्हणून माझ्या युनिटमध्ये नियम आहे, राउंडला निवासी डॉक्टरने आधी बाळाला हात लावायचा, मग पडद्याकडे बघायचे.

नव्या गाडीत हा नियम पाळण्याची सोयच ठेवलेली नाही, ही माझी तक्रार. २०११ साली आलेल्या पिढीपासून ९११ चे स्टिअरिंग विजेवर चालते. रस्त्याकडून येणाऱ्या थरथरीपैकी कोणती चालकापर्यंत पोचू द्यायची आणि कोणती अडवायची, हे आता अभियंता ठरवतो. भावाने तर अभिमानाने सांगितले की जी थरथर मला रत्नासारखी वाटते तिच्याविषयी गिऱ्हाइके तक्रार करीत. म्हणजे हे असे झाले, की कनिष्ठ डॉक्टरने रात्रीच्या सगळ्या घडामोडी स्वतः निस्तरायच्या आणि सकाळी वरिष्ठांना एवढेच सांगायचे, "मॅडम, ऑल स्टेबल." असा कनिष्ठ मला कितीही हुशार असला तरी नको असतो. बाळ वाचवल्याबद्दल मी त्याची पाठ थोपटीन. पण मला रात्री उठवायला हवे होते, हेही सांगेन.

भाऊ हसला. "तू पन्नासांतली एक, ताई. बाकीच्या एकोणपन्नासांना झोपायचे असते." यावर माझ्याजवळ चांगले उत्तर नव्हते, आजही नाही.

एवढ्यावर वाद बरोबरीत सुटला असता. तो सुटला नाही याचे कारण माझी भाची. तिचे वय तेव्हा सात. पहिल्या दिवशी सकाळी दारात उभी असलेली ती जुनी, संत्र्याच्या रंगाची गाडी पाहून तिने तिच्यात बसण्याचा हट्ट धरला होता. आणि हट्ट रास्त होता, कारण ९११ ही नावाला चार जणांची गाडी आहे. पुढे दोन मोठी आसने, मागे दोन इवलीशी. त्या मागच्या खोबणीत प्रौढ माणूस मावत नाही. ती आसने पहिल्या दिवसापासून मुलांसाठीच केलेली आहेत.

मी वाकून मागे पाहिले. दोन सुबक वाट्या, काळे कातडे, आणि पट्टा नाही. तीन जागी बांधणारा पट्टा १९५९ साली व्हॉल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी आणला आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्वांना खुले केले. पण या गाडीपुरता तो पुढच्या आसनांपर्यंतच पोचला होता. जुन्या गाड्यांना तिकडचा कायदा काही सवलती देतो. मी दिली नाही. भाची रडली.

या ठिकाणी मजेचा हिशेब माझ्यापुरता संपतो, आणि का ते या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नसावी. तरी सांगते, कारण आपल्याच मंडळाच्या कोजागिरीला मी दरवर्षी गाड्या येताना पाहते. पुढच्या आसनावर आईच्या मांडीत बाळ, मागे दोन आसनांच्या मधल्या फटीत उभा असलेला पाच वर्षांचा मुलगा, आणि गाडी चालवणारा एखादा एमएस ऑर्थो. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीला थडकली तर आत मोकळ्या बसलेल्याला बसणारा धक्का साधारण दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्याइतका असतो. कोणत्याही आईचे हात तो तोलू शकत नाहीत. नवजात बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या चौथा हिस्सा असते, आपले आठवा. एवढे जड डोके आणि त्याखाली कोवळी मान, म्हणून मूल आधी डोक्यावर जाते. मोठ्यांचा पट्टा लहान मुलाला तसाच बांधणे हाही उपाय नव्हे. त्याच्या कमरेच्या हाडाचे कंगोरे पट्टा धरून ठेवण्याइतके उठावदार झालेले नसतात. पट्टा पोटावर सरकतो आणि आतडे फाटते, कंबरेचा मणका आडवा चिरतो. सर्जन मित्रांनी ते पोट उघडून पाहिलेले आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनाने न बांधल्यास हजार रुपये दंड सांगितला आहे. तो कोणी वसूल केल्याचे मी बडोद्यात पाहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी पावसात भाची नव्या गाडीत बसली. मागच्या वाटीत तिचे उंची वाढवणारे आसन ठेवले, तीन जागी बांधणारा पट्टा खांद्याच्या मधोमध आला, आणि फ्रॉयडेनश्टाटच्या पुढे पाचव्या मिनिटाला ती झोपली. वर ज्या मुक्या, सभ्य, काहीच न कळवणाऱ्या गाडीविषयी मी इतकी कुरकुर केली, ती हीच. मागे भाची झोपलेली असताना रस्त्याची एकही थरथर आत येत नव्हती, आणि त्या तासाभरात ती यावी असे मला एकदाही वाटले नाही.

२०२४ साली ९११ पुन्हा बदलली. एका महागड्या प्रकारात विजेची मोटार आली. इंजिनाच्या फेऱ्यांची मधली तबकडी, जिच्यात साठ वर्षे खराखुरा काटा हलत होता, ती आता पडद्यावरचे चित्र झाली. डावीकडे फिरवायची किल्ली जाऊन बटण आले. आणि साध्या कॅरेरा कूपेत मागची दोन आसने आता आपोआप येत नाहीत. हवी असल्यास सांगावी लागतात. त्यांचे जादा पैसे नाहीत, पण सांगावी लागतात. काटा गेला त्याचे मला वाईट वाटले. आसनांचे कळले तेव्हा मात्र भावाला रात्री फोन करून मी बरेच काही बोलले. गाडी त्याच्या कंपनीची नाही, हे त्याने दोनदा नमूद केले.

जर्मन कायद्यात मुलांच्या वेगळ्या आसनाची सक्ती बारा वर्षे वय किंवा १५० सेंटीमीटर उंची, यांपैकी जे आधी होईल तेथवर आहे. त्यानंतर भाचीला पुढच्या आसनावर, मोठ्यांच्या पट्ट्यात, जुन्या गाडीतून नेईन असे मी तिला त्या सकाळी कबूल केले आहे. ती विसरलेली नाही. दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीला पाठ टेकून भाऊ तिची उंची मोजतो आणि मला कळवतो. मी ती तक्त्यावर मांडते. गेल्या खेपेस १३४ भरली.